मशीन बदला, पण आधी फायली मोकळ्या करा

प्रश्न : रविवार कारंज्याजवळ आमचं छोटं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. मिस्टरांनी १९९८ साली सुरू केलं, त्यांच्या तब्येतीमुळे गेली काही वर्षं मी बघते. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं अशी कामं असतात. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हीवर विंडोज १०. आता ‘हे मशीन अकरासाठी योग्य नाही’ असं सारखं दाखवतं. मुलगा म्हणतो, जुनं सगळं भंगारात द्या, नवे लॅपटॉप घ्या, फायली क्लाउडवर टाका, सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं मिळतं आणि डिझाइन एआय करून देतं, तेही सध्या फुकट. मला भीती वाटते, पण नेमकी कशाची ते त्याला सांगता येत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, मशीन बदलावी लागतील हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. पण ‘आधी भंगार, मग बाकीचं बघू’ हा क्रम चुकीचा आहे आणि तुमची भीती त्या क्रमाचीच आहे. मी १९९९पासून नाशकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम करतो. पहिली आठ-दहा वर्षं माझं निम्मं गिऱ्हाईक छापखान्यांचंच होतं, मेन रोड, भद्रकाली, पंचवटी, नाशिकरोड. त्यामुळे तुमच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात काय असणार, हे मला न बघताही बरंचसं सांगता येईल.

त्या डब्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं काम आहे. आणि ते उघडायला लागणाऱ्या चारही गोष्टी त्याच एका डब्यात आहेत : ते विंडोज, पान लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर, तो मराठी फॉन्ट आणि मागच्या बाजूला खोचलेलं डोंगल, म्हणजे जी किल्ली खोचल्याशिवाय फॉन्टाचं पॅकेज चालत नाही ती. यातली एक जरी गेली तरी उरलेल्या तिन्हींचा काही उपयोग नाही.

हे मुलाला समजावून सांगायचं तर फॉन्टपासून सुरुवात करा. आपण मराठी टाइप करायला शिकलो ते श्री-लिपी, आयएसएम असल्या पॅकेजांच्या नाहीतर शिवाजीसारख्या फॉन्टांत. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. या फॉन्टांनी त्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवली. म्हणजे पडद्यावर ‘गणपती’ दिसत असलं, तरी फायलीत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढून घेतला की समोर नुसता गिचमीड मजकूर. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीचं लिखाण दुसरीच्या फॉन्टात वाचता येत नाही. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीनं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, पण ते छापखान्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षं गेली, कारण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कळत नव्हती आणि पेजमेकरशिवाय छापखान्याचं पान हलत नव्हतं. त्या पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरवर आजही कित्येक दुकानांचं पोट चालतं आहे.

चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेची मंडळी माझ्याकडे आली. १९९७ साली त्यांनी रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढली होती, आता सुवर्णमहोत्सवासाठी त्यातले संस्थापकांचे लेख पुन्हा छापायचे होते. सीडी जपून ठेवलेली, फायली शाबूत. पण डोंगल प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारं, तेही हरवलेलं, आणि ज्या पॅकेजात टाइप केलं होतं त्याची ती आवृत्ती नव्या विंडोजवर बसेना. मी तीन दिवस झटलो. शेवटी छापील प्रत समोर ठेवून दोन मुलींनी ऐंशी पानं नव्यानं टाइप केली. फाइल धडधाकट असूनही गेल्यात जमा होती. त्या दिवसापासून मी ‘बॅकअप आहे ना?’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘तो उघडतो ना, आणि कशात उघडतो?’ हेही विचारतो.

पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या तुम्ही पाहिल्या असतील. आलेल्या माणसाचं गाव, कुळ, वडील-आजोबा, मग पुढच्या पिढीनं येऊन घातलेली भर. त्या वह्या टिकल्या, कारण त्या उघडायला बाहेरच्या कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण नुसतं टिकणंही पुरत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांत कागद होते, पण मोडीतले, आणि ते वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. कागद हाती असणं वेगळं आणि तो वाचता येणं वेगळं. तुमच्या पेजमेकरच्या फायली आज मोडीच्या वाटेवर आहेत, फक्त मोडीला जिथे शंभर वर्षं लागली तिथे यांना वीस पुरली.

आता भाड्याच्या सॉफ्टवेअरबद्दल. अडोबीनं २०१३ साली जाहीर केलं की यापुढे फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरे एकरकमी विकत मिळणार नाहीत, महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवरच मिळतील. २०१२ची सीएस६ ही पेटी विकत घेऊन घरी नेता येणारी शेवटची. त्यानंतर एकेक करून सगळेच त्या वाटेला लागले. वर्गणीला माझा सरसकट विरोध नाही. दर महिन्याला नवं काहीतरी मिळतं, सुरुवातीला मोठी रक्कम घालावी लागत नाही, चोरीचं सॉफ्टवेअर वापरण्याची लाज संपते. पण यातला बदल नीट ओळखा. डोंगल निदान तुमच्या मशीनच्या मागे होतं. आता ते कंपनीच्या सर्व्हरवर गेलं आहे आणि दर महिन्याला ते तुम्हाला आत घ्यायचं की नाही हे ठरवतं.

भाडं वाढवण्याची रीतही पाहून ठेवा. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२५मध्ये घरगुती ऑफिस ३६५मध्ये कोपायलट हे एआय घातलं आणि दर वाढवले. ज्यांना ते नको होतं त्यांच्यासाठी जुन्या दरातली ‘क्लासिक’ योजना होती, पण ती समोर मांडलेली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५मध्ये याच मुद्द्यावर कंपनीला कोर्टात खेचलं. सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाली असा आयोगाचा आरोप आहे. नंतर कंपनीनं तिथल्या ग्राहकांची माफी मागून पैसे परत देऊ केले. मला यातली चीड येणारी गोष्ट दरवाढ नाही. दुकानदार दर वाढवतोच, तुम्हीही कागद महागला की वाढवता. पण स्वस्त पर्याय कपाटामागे ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं ‘रद्द करा’ म्हटल्यावरच बाहेर काढायचा, हे आपल्या बाजारात कुणी केलं तर लोक त्याच्या पायरीला पाय लावणार नाहीत. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या रीतींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पानं, हा वर्गणीचा सापळा त्यात नावानिशी आहे. असं कुठे अडकलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायला संकोचू नका.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा : ज्या सॉफ्टवेअरचं भाडं त्याच महिन्याच्या बिलातून निघतं तेवढंच भाड्यानं घ्या. नवं कुठलंही डिझाइनचं सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शुभेच्छा’, ‘कर्त्री’ हे शब्द स्वतः टाइप करून बघा. परदेशी बनावटीच्या चकचकीत सॉफ्टवेअरांत अजूनही जोडाक्षरं फुटतात, आणि ते जाहिरातीत कुणी सांगत नाही. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट दाखवतं. छपाईच्या चार रंगांच्या हिशेबात ते कमी पडतं, पण शिकायला आणि साध्या कामाला उत्तम आहे. आणि महिनाअखेरीला त्या महिन्यातली सगळी कामं पीडीएफ करून बाहेर काढायची शिस्त लावा, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो.

क्लाउडचं, म्हणजे फायली इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याचं, तुमचा मुलगा म्हणतो तितकं सोपं नाही, पण मी त्याला नावंही ठेवणार नाही. माझ्या दुकानात रोज निदान एक माणूस येतो, ‘जीमेल भरलं, मेल येत नाहीत’ म्हणून. गंमत म्हणून विचारा कुणालाही, जागा कशानं भरली ते त्याला माहीत नसतं. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं. पूर्वी फोटो त्या जागेत मोजले जात नव्हते; लोकांनी घरातले सगळे फोटो तिथे ठेवले. १ जून २०२१पासून नवे फोटो मोजले जाऊ लागले. मग व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप, जो वर्षानुवर्षं बिनहिशेबी होता, तोही २०२४पासून त्याच १५ जीबीत धरायला सुरुवात झाली. जागा तीच राहिली, आत कोंबायच्या वस्तू वाढवल्या. आता मेल बंद पडला की माणूस पैसे भरतो, कारण त्याचा बँकेचा, शाळेचा, गॅसचा सगळा व्यवहार त्या पत्त्यावर आहे. आधी सवय, मग गरज, मग भाडं. यात बेकायदेशीर काही नाही. पण फुकट घेताना हा पुढचा टप्पा डोक्यात असू द्या.

क्लाउड ही तुमची दुसरी प्रत असू द्या, एकमेव नको. जुलै २०२५मध्ये काय झालं ते तुमच्या मुलाला सांगा. युरोपीय संघानं नायरा एनर्जी या गुजरातेत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतात, आणि स्वतःच्याच मेलपर्यंत पोचायला त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. सेवा पुढे सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीजवळ वकील होते. तुमच्या-माझ्यासारख्याचं खातं एखाद्या यंत्रानं संशयावरून बंद केलं, तर समोर फोन उचलायलाही माणूस नसतो. देवळालीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं खातं असंच बंद झालेलं मी पाहिलं आहे. अकरा लग्नांचे फोटो आत होते. त्यातली सात त्याच्या जुन्या मेमरी कार्डांवरून वाचवता आली, चार गेली. त्या चार घरी जाऊन त्यानं काय सांगितलं असेल, याचा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक दुकानात, एक घरी. दुकानातच दोन्ही ठेवू नका. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दर शनिवारी डिस्कची अदलाबदल करा. आणि हो, दुकानाचं जीमेल खातं जर मिस्टरांच्या नावानं, त्यांच्या जुन्या मोबाइल नंबरवर असेल, तर या आठवड्यातच त्यांच्या शेजारी बसून त्यात तुमचा नंबर घाला. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकू लागलं आहे, आणि हरवलेल्या सिमकार्डावर ओटीपी जाणारी खाती सोडवणं माझ्याही हातात नसतं.

इथे बरेच जण विचारतात की मग स्वदेशी ॲपवर जावं का. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टई या व्हॉट्सॲपसारख्या ॲपची लाट आली, माझ्या सोसायटीचा ग्रुपही आठवडाभर तिकडे गेला आणि परत आला. भारतात चांगलं सॉफ्टवेअर बनतं याचा मला मनापासून अभिमान आहे आणि झोहोचं काम पक्कं आहे. पण घरमालक बदलल्यानं भाडेकरूचा मालक होत नाही. कू हे आपल्याच देशातलं, ट्विटरसारखं, मराठीत चालणारं ॲप होतं. जुलै २०२४मध्ये ते बंद झालं. जून २०२०मध्ये टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ती बंदी योग्य होती की नाही हा वेगळा वाद. त्यांच्या हातात स्वतःच्या व्हिडिओंची प्रत होती का, एवढाच माझा प्रश्न. ॲप देशी असो वा परदेशी, माझं सामान घेऊन मला बाहेर पडता येतं का, हे तपासा. ईमेलचं हे बरं आहे की स्वतःच्या दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं तर सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. वर्षाला फार खर्च येत नाही. बिलबुकावर तो पत्ता छापा.

व्हॉट्सॲप सोडा असं मी सांगणार नाही, तुमचा धंदा त्यावर आहे. फक्त प्रूफ फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि अनुस्वार दिसेनासे होतात. आणि गिऱ्हाइकाचा ‘ओके’ आला की ते प्रूफ आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट त्या कामाच्या फोल्डरमध्ये टाका. पत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर तुमच्याजवळ पुरावा हवा.

आता एआय. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण सध्या सगळ्यात मोठी फुकटाची रांग इथे लागली आहे. एअरटेलनं जुलै २०२५मध्ये आपल्या ग्राहकांना वर्षाला १७,००० रुपयांचं परप्लेक्सिटी प्रो मोफत दिलं. ऑक्टोबरअखेर जिओनं ३५,१०० रुपये किमतीचं जेमिनी प्रो अठरा महिने देऊ केलं. ओपनएआयनं महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो ४ नोव्हेंबर २०२५पासून वर्षभर फुकट केलं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं तेव्हा डेटा फुकट होता, तो मार्च २०१७पर्यंत चालला, आणि तेवढ्यात सगळ्या देशाला रोज व्हिडिओ बघायची सवय लागली. त्या सवयीनं आपलं भलंही झालं, वाईटही झालं. आत्ता चाललंय ते त्याच वळणाचं आहे. फुकट आहे तोवर जरूर शिका. पण नोंदणी करताना कार्ड किंवा यूपीआय जोडलं असेल तर आजच यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन काय काय चालू आहे ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. ती सूचना बँकेच्या इतर मेसेजांच्या ढिगात हरवते, हा खरा धोका.

तुमच्या कामात एआय कुठे उपयोगी आहे ते सांगतो. फोटोमागची पार्श्वभूमी काढणं, आजी-आजोबांचा डागाळलेला फोटो साफ करणं, कार्यक्रमपत्रिकेच्या चार मांडण्या पटकन सुचवणं, इंग्रजी मजकुरातल्या चुका काढणं. यात तासाचं काम दहा मिनिटांत होतं आणि ते न वापरण्यात शहाणपण नाही. मराठी मजकुराचं मात्र वेगळं आहे. मी लग्नपत्रिकेचा मजकूर मागून पाहिला, तर ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ असं आलं. हे हिंदी पत्रिकांचं वाक्य. आपल्याकडे ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणतात, वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ येतं, खाली लहान मुलांच्या तोंडी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ असतं. कुठल्या घरी ‘कुलस्वामिनी प्रसन्न’ आणि कुठल्या घरी खंडेराव, नावांचा क्रम काय, कुणाच्या नावाआधी ‘कै.’ लावायचं, हे तुम्ही गिऱ्हाइकाच्या दोन वाक्यांवरून ओळखता. ही तुमची विद्या आहे आणि ती विकायला लाजू नका. चित्रात तर गेल्या गणपतीत मी एका मंडळाचा फ्लेक्स पाहिला. ‘हार्दिक शुभेच्छा’ दोन ठिकाणी होतं आणि ‘च्छा’ दोन तऱ्हांनी मोडलेला. चित्र हवं तर एआयकडून घ्या, पण त्यावरचं अक्षर न् अक्षर तुमच्या हातानं टाइप करा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. विंडोजबरोबर येणाऱ्या मंगल फॉन्टातला ‘ल’ हिंदी वळणाचा आहे आणि पत्रिकेवर तो डोळ्याला टोचतो.

एआयची मराठी अशी का, याचा विचार करताना मी पुन्हा तुमच्या त्या डब्यापाशी येतो. ही यंत्रं जे वाचायला मिळालं त्यावरूनच शिकतात. १९९० ते २०१० या वीस वर्षांत आपण स्मरणिका, दिवाळी अंक, गावोगावच्या यात्रांची पत्रकं, सहकारी संस्थांचे अहवाल, केवढं टाइप केलं! त्याचा मोठा भाग जुन्या फॉन्टांत कोंडलेला आहे. वर्तमानपत्रांच्या तेव्हाच्या वेबसाइटसुद्धा स्वतःच्या खास फॉन्टांत असायच्या. गूगलला तो मजकूर सापडत नाही, कारण त्याच्या लेखी ती मराठीच नाही. आपली चांगली, घरंदाज मराठी कपाटात राहिली आणि बाहेर उरली भाषांतरित. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातला बराच मजकूर माझ्याच हातानं बसवलेल्या मशीनवर टाइप झाला आहे.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचं आधार, पॅन, जन्मपत्रिका, कोर्टाचे कागद यातलं काहीही फुकटच्या एआयमध्ये टाकायचं नाही, एकदाही नाही. फुकट आवृत्तीत तुम्ही टाकलेलं त्या यंत्राच्या पुढच्या शिकवणीसाठी वापरलं जाऊ शकतं. चॅटजीपीटीत ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती मुळात चालू असते. शाळेनं तुमच्यावर विश्वास ठेवून पेपर दिलेला आहे. दुकानात कामाला असलेल्या मुलालाही हे बजावून ठेवा, कारण ‘जरा शुद्धलेखन तपासतो’ म्हणून तो चांगल्या हेतूनंच पेस्ट करेल.

आता मशीनचं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे मशीन बंद पडणार नाही, पण सुरक्षेची डागडुजी येणार नाही. अकराला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तो २०१७नंतरच्या मशीनमध्ये मिळतो. घरगुती वापरासाठी कंपनीनं एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. व्यवसायाच्या मशीनसाठी वेगळा दर आहे, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर. तुम्हाला हा खर्च करायची गरज आहे असं मला वाटत नाही.

तुमच्या दोन मशीनपैकी पेजमेकरचं मशीन इंटरनेटवरून कायमचं उतरवा. केबल काढा, वायफाय बंद करा. जाळ्याबाहेरच्या मशीनला डागडुजीची फारशी गरज नाही. मात्र गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याला थेट लावायचा नाही. आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच फाइल न्यायची. दुसरं मशीन मेल, व्हॉट्सॲप आणि प्रूफसाठी असेल, तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घालता येतं, त्याचा मेनू मराठीतही मिळतो. हिशेबाचं टॅली मात्र विंडोजवरच चालवावं लागेल. मग एकच नवं मशीन घ्या, दोन नको. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी खेचल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीनं तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा आपल्या एम. जी. रोडवरच्या प्रत्येक दुकानात दिसणारा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आत्ता घाईनं महाग लॅपटॉप घेऊ नका. डेस्कटॉप घ्या, १६ जीबी रॅमचा, पुढे वाढवता येईल असा.

फायली मोकळ्या करायच्या म्हणजे काय, तेही नीट सांगतो. प्रत्येक कामाच्या दोन प्रती हव्यात. एक पीडीएफ, फॉन्ट आत बांधलेली, पान जसंच्या तसं दिसण्यासाठी. पण जुन्या फॉन्टाच्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तर पुन्हा गिचमीडच येतो, म्हणून दुसरी प्रत युनिकोड मजकुराची. तुमच्या फॉन्टासाठीचा कन्व्हर्टर मिळतो. त्यात टाकल्यावर रफार, ऱ्य-ऱ्ह आणि पहिली वेलांटी एवढ्या तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून वाचा, चुका तिथेच होतात. सगळ्या पत्रिका करत बसू नका. बिलबुकं, पावतीपुस्तकं, शाळांचे नमुने असं दरवर्षी पुन्हा लागणारं आधी, स्मरणिका आणि अहवाल नंतर, सुट्या पत्रिका नुसत्या पीडीएफ.

वेळ कधी काढायचा? यंदा, २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, लग्नं नाहीत, पत्रिकांचं काम थंड असेल. तो महिना यालाच द्या. सप्टेंबरात गणपती आले की तुम्हाला मान वर करायला फुरसत मिळणार नाही, आणि ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण झालं की पुढचं वर्षभर पासेस, फलक, आखाड्यांची पत्रकं यांची रीघ लागेल. डोंगल मात्र आजच काढून बघा, त्यावरचा नंबर आणि पॅकेजचं नाव एका कागदावर लिहा, आणि मिस्टरांना विचारा की मूळ सीडी कुठे ठेवली आहे. ते आत्ता सांगू शकतील.